श्रीकृष्णजींच्या गच्चीवरचा शनी

सीपरी बाजारात मराठी कानावर पडली की मी रेंगाळतोच. रबराच्या दुकानापुढे रांगेत दोन म्हातारे उभे होते.

"श्रीकृष्णजी, दुर्बिणीच्या पायांखाली घालायला रबर घेताय?"

"नाही, परत करायला आणलंय."

"बसवलंच नाही?"

"नाही. बकुळ गच्चीवर चालली की दुर्बीण थरथरायची, शनी नीट दिसायचाच नाही. म्हणून ती चहा घेऊन जिन्यातच उभी राहायची. म्हणायची, तुमचं पाहून होऊ दे."

"वहिनींनी स्वतः कधी पाहिला?"

"रबर बसवलं की दोघं मिळून पाहू, असं ठरलं होतं. त्याच आठवड्यात ती गेली."

"मग आता तरी बसवा, भैया."

"आता गरजच नाही हो. शनी जागचा हलत नाही."