शेंदरी बांबू

हसू नका बे, आधी ऐका तर. सलीमभाईची रेशमा घोडी मी इव्हेंटिंगला काढायची ठरवली. म्हणजे कवायत, रानातली दौड आन् अडथळ्यावरच्या उड्या, तिन्ही एकाच घोड्यावर. घोडी कवळी, पण पायाला लई चपळ. फक्त लहानपणापासून आईमागं लग्नाच्या वरातीत फिरलेली.

पहिल्याच स्पर्धेला गेलतो. कवायत झाली, दौड झाली. उड्यांचा पहिला अडथळा बी पार केला. दुसऱ्याचे बांबू निघाले शेंदरी. रेशमा तिथं जी थांबली, ती मान खाली घालून उभीच. मी टाच मारली, पण ढिम्म.

कडेला उभे सलीमभाई ओरडले, "अबे, मारोती समजली ती! नवरदेव पाया पडला, नारळ फुटला, तवाच पुढं हालते!"

"मग फोडा की नारळ!"

मुहूर्ताचा नारळ मी त्यांच्याच पिशवीत ठेवलता. त्यांनी तो दगडावर आपटला. खाडकन् आवाज झाला, आन् रेशमा थेट बांबूपल्याड!

पंच आले. "बाहेरून मदत चालत न्हाई. तुमी बाद."

"बाद तर बाद," मी म्हणलं, "पुढच्या खेपेला बिगरनारळाची उडवतो."

घरी आल्या आल्या रानातल्या सरावाच्या अडथळ्यांचा हरेक बांबू शेंदरी रंगवला. रोज सकाळी तिला त्याच्यावरूनच उडवायलोय. आता येणारी-जाणारी माणसं तिथं थांबून हात जोडायलेत.

रेशमा थांबत न्हाई.