सिस्टरची खुर्ची

ड्यूटीआधी सिस्टर साध्या कपड्यांत चहाच्या रांगेत उभी होती. पुढे तिच्याच वॉर्डातल्या पेशंटची बायको आणि तिची नणंद पाठमोऱ्या बोलत होत्या.

"दादाची दारू सुटतेय, आणि तुझं तोंड का एवढंसं, वहिनी?"

"काल यांना कापरं भरलं, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. हाक कुणाला मारली? सिस्टरला!"

"ती औषध देते गं."

"नुसतं औषध? दिवा मंद करते, खुर्ची ओढून बसते, 'तुम्ही हॉस्पिटलात आहात, मी इथेच आहे,' म्हणते. की हे गप्प! इतकी वर्षं यांच्या ओकाऱ्या पुसल्या मी, आणि हे शहाणं बाळ होतात तिच्यापुढे."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, भोगा आता."

"जळतेस होय तिच्यावर?"

"जळते! झालं समाधान?"

सिस्टर चहा न घेताच वॉर्डात गेली. भेटीच्या वेळी पेशंटला पुन्हा कापरं भरलं, तेव्हा औषध देऊन तिने खुर्ची बायकोकडे सरकवली.

"तुम्ही बसा. ते कुठे आहेत, हळू सांगा त्यांना."

"हॉस्पिटलात आहात," बायको अडखळत म्हणाली. "मी इथेच आहे. जातेय कुठे मरायला!"

त्याने चाचपडत तिचा हात धरला.

"सिस्टर," तो म्हणाला, "तुम्ही जा आता."