फाटकापुढची फक्की

मुलगी : …आणि वाचनालयातून थेट घरी. असंच ना, बाबा?

बाबा : थेट. पेपर वाचायचा, की घर. सात वाजून वीस मिनिटांनी मी या खुर्चीत असतो. तू काय पोलीस झालीस की काय?

मुलगी : मग ही पांढरी रेघ वाचनालयावरून तशीच पुढे का गेलीय?

बाबा : कसली रेघ?

मुलगी : तुमच्या सायकलची. कॅरिअरखाली पिशवी आहे बघा. मैदान आखतात ती फक्की भरलीय, खाली बारीक भोक. गावातल्या बारा सायकलींना बांधली. लोक खरंच कुठून जातात ते कळल्याशिवाय मी सायकलमार्ग आखू कसा? कागदावर विचारलं की सगळे चांगलं चांगलं लिहितात.

बाबा : पण तू तर शनिवारी बांधणार होतीस!

मुलगी : नगरपालिकेतल्या आमच्या साहेबांना नकाशा सोमवारीच हवा झाला. म्हणून काल संध्याकाळीच बांधून टाकली. सकाळी निघताना दिसली नाही?

बाबा : घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा. नाकासमोर बघायची सवय. मागे कोण बघतंय!

मुलगी : आता ऐका. सगळी रेघ मी पायी बघून आलेय. सायकल चालती असली की बारीक रेघ पडते, थांबली की ढीग. चौकात चिमूटभर ढीग, म्हणजे रस्ता ओलांडायला थांबलात. चढावर तीन ढीग.

बाबा : चढावर मी थांबत नाही.

मुलगी : तीन, बाबा.

बाबा : साखळी पडली असेल.

मुलगी : तीनदा? आणि फक्कीत बुटांचे ठसे कोणाचे, साखळीचे? उतरून ढकलता तुम्ही. अहो, बारा जणांपैकी नऊ जण उतरलेत. तिथे मी बाक टाकतेय.

बाबा : टाक की. मला विचारून टाकला असं मात्र कुणाला सांगू नकोस.

मुलगी : वाचनालयाच्या दारात ठिपकासुद्धा नाही. रेघ सरळ जुन्या गल्लीत, निळ्या फाटकापर्यंत. आणि तिथे, बाबा, चांगला वाटीभर ढीग आहे.

बाबा : भोक मोठं झालं असेल.

मुलगी : परतीची रेघ पुन्हा बारीकच आहे. मी अंगणात पिशवी टांगून, घड्याळ लावून बघितलं. एवढा ढीग पडायला पंचवीस मिनिटं लागतात.

बाबा : एकोणीस.

मुलगी : काय?

बाबा : एकोणीस मिनिटं. तुझं घड्याळ चुकतंय.

मुलगी : काकांच्या घरापुढे एकोणीस मिनिटं करता काय तुम्ही?

बाबा : काही नाही. उभा असतो.

मुलगी : रोज?

बाबा : रविवार सोडून.

मुलगी : आणि अकरा वर्षं या घरात त्यांचं नाव काढायची चोरी!

बाबा : त्याने काय केलं ते विसरलीस? रस्ता रुंद करायचा होता, मुकादम हा. माझ्या दुकानाचा ओटा दोन फूट आड येत होता. सख्ख्या भावाच्या दारात मोजायची फीत लावली आणि म्हणाला, रेघ सरळ जाणार. जरा वाकवली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं?

मुलगी : त्या वळणावर रोज कोणीतरी धडकलं असतं.

बाबा : ते मला पहिल्याच वर्षी कळलं.

मुलगी : मग?

बाबा : मग काय! तोवर मी नको ते बोलून बसलो होतो. माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस, इथपर्यंत. आता आत जाऊन कोणत्या तोंडाने बोलू? हात फाटकापर्यंत जातो आणि परत येतो, झालं.

मुलगी : माझं घोडं पण तिथेच अडलंय, बाबा. बारापैकी दहा रेघा त्याच गल्लीतून जातात. मार्ग तिथूनच हवा. पण काकांची कुंपणाची भिंत आड येते. दोन फूट.

बाबा : दोन फूट!

मुलगी : सोमवारच्या आत त्यांची सही मिळाली नाही, तर शाळेच्या पोरींपासून तुमच्यापर्यंत सगळे मोठ्या रस्त्याने, ट्रकांच्या शेजारून. चला माझ्याबरोबर.

बाबा : मी? मला बघून तर तो दोन इंचही द्यायचा नाही.

(कडी वाजते. मुलगी दार उघडते. दारात काका, काखेत झाडू, हातात डबा.)

काका : घड्याळजी इथेच राहतात ना? माझ्या फाटकापुढे हे कोणी सांडलं, ते विचारायला आलोय. झाडून भरून आणलंय.

मुलगी : काका! आत या ना.

काका : मला या उंबऱ्यावर पाय ठेवायला मनाई आहे.

बाबा : ते… ते माझं आहे कशावरून?

काका : चाळीस वर्षं रेघा आखल्यात मी, दादा. रेघेमागून चालत आलो, ती इथे संपली. आणि चार महिने तुला खिडकीतून बघतोय. सहा चाळीसला येतोस.

बाबा : सहा एक्केचाळीस.

काका : हिची काकू रोज तुझ्या नावाचा चहा टाकते. तू जातोस निघून, मग तोही मलाच प्यावा लागतो. डॉक्टर ओरडतात.

बाबा : मग हाक मारायची होतीस, शहाण्या!

काका : भीती वाटली. हाक मारली आणि दुसऱ्या दिवसापासून यायचाच बंद झालास तर?

मुलगी : काका, आता एक सांगते, रागावू नका. तुमची भिंत…

काका : आड येते. तुझ्या माणसांनी खुणा केल्या, तेव्हाच मी फीत लावून बघितली. तिरकी मोजलीय त्यांनी. दोन फूट चार इंच लागणार.

मुलगी : मग द्याल?

काका : दादाला विचार. तेव्हा रेघ बरोबरच होती माझी. पण आधी घरी येऊन त्याला विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही. त्याचे दोन फूट न विचारता घेतले. आता माझे त्याला विचारून घे. तो हो म्हणाला की सही करतो.

मुलगी : बाबा, आता तुम्हीच सांगा.

बाबा : रेघ सरळ जाऊ दे.

काका : ऐकलंस? अकरा वर्षं घेतली एवढं बोलायला!

बाबा : तू आधी आत ये बघू. आणि तो डबा खाली ठेव. सांडशील.

काका : सांडू दे, तुझीच तर फक्की आहे!

मुलगी : बसा दोघं. मी नकाशा पुरा करते. बाबा, तुमची रेघ काय दाखवू, वाचनालयापर्यंत की काकांच्या फाटकापर्यंत?

बाबा : फाटकाच्या थोडी आत घे.