शेवट चांगला आहे ना?

(महाल मोहल्ल्यातलं कामिनीचं घर. कामिनी, तिची भावजय गोपिका आणि गोपिकाची लहान मुलगी वेदिका, तिघी नुकत्याच सिनेमा पाहून परतल्या आहेत.)

गोपिका : मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं ताई, शेवट चांगला आहे ना?

कामिनी : अन् मी काय खोटं सांगितलं वं? अख्खी टॉकीज टाळ्या वाजवून राहिली होती. तूच तेवढी दगडासारखी बसली होती.

गोपिका : अस्वलाच्या पिल्लाचा बाप नदीत वाहून गेला, तेव्हा बरं वाटलं मला. म्हटलं, चला, पोरांना कुणीतरी खरं सांगतंय. आणि शेवटच्या दहा मिनिटांत तोच बाप बर्फातून चालत घरी आला.

कामिनी : लहान पोरांचा पिक्चर आहे तो. रडवून घरी पाठवतीन का?

गोपिका : सहा महिने झाले गौरांगला जाऊन. 'बाबा गावाला गेलेत' असं कुणाला म्हणू दिलं नाही मी. बाबा मेले, आता येणार नाहीत, एवढं एक वाक्य वेदूला समजावताना माझं काय झालं, ते मलाच माहीत.

कामिनी : माझा भाऊ होता तो. बर्फातून तो बाप आला ना, घडीभर मले गौरांगच दिसला. माझ्यानं नाही राहावलं. मीनंही टाळ्या वाजवल्या.

गोपिका : पाहिलं मी.

कामिनी : वेदू, बाहेरच्या चपला आत काहून आणून राहिली बेटा?

वेदिका : पिल्लानं बाबांची टोपी गुहेत लपवून ठेवली होती ना, म्हणून बाबा आले. आपल्या बाबांच्या चपला कुठे आहेत?

कामिनी : त्या तेराव्याले दान दिल्या बेटा. चपला, छत्री, द्यावंच लागते.

वेदिका : गुरुजींना मीच दिल्या. आई म्हणाली होती, तुझ्या हातानं दे.

गोपिका : हो. मीच म्हटलं होतं. तुला समजावं म्हणून.

वेदिका : मी दिल्या, म्हणून नाही आले?

कामिनी : येतीन बेटा, येतीन ते...

गोपिका : ताई, नका.

कामिनी : अवं, तिचं तोंड पाह्य जरा.

गोपिका : तेच पाहतेय. वेदू, इथे बस, माझ्याजवळ. चपला ठेवल्या असत्या तरी बाबा आले नसते. तुझं काही चुकलं नाही.

वेदिका : मग त्या पिल्लाचे बाबा काहून आले?

गोपिका : सिनेमा काढणाऱ्यांनी त्याला आणलं. खऱ्या आयुष्यात कुणालाच तसं आणता येत नाही.

वेदिका : तुलाही नाही?

गोपिका : मलाही नाही. आत्यालाही नाही.

कामिनी : नाही वं माय. मलेही नाही.

वेदिका : आई...

गोपिका : हं.

वेदिका : गुरुजींना त्या चपला बसल्या का?

गोपिका : जराशा मोठ्या होत होत्या. पण घालूनच गेले.