थैलीत वाजणारा बेडूक

जबाब

नाव: रोशनी वामनराव उंदिरवाडे, वय ३४ वर्षे, व्यवसाय: नोकरी (आश्रमशाळेत गणित शिक्षिका), राहणार: आलापल्ली, ता. अहेरी, जि. गडचिरोली.

मी वरील नावाची स्त्री आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर वडील वामनराव, वय ७१, यांच्यासोबत राहते. वडील बल्लारपूरला पेपर मिलमध्ये कामाला होते, आता निवृत्त आहेत. त्यांची तब्येत ठीक आहे. अलीकडे थोडे विसरतात, ते वयामुळे.

मला जुन्या हातातल्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट जमवण्याचा नाद आहे. गाण्याच्या कॅसेट का, असे लिहून घेणारे हवालदार मडावी यांनी विचारले. नाही. काडीपेटीपेक्षा जराशी मोठी, चपटी, प्लास्टिकची डबी असते, ती गेमच्या पाठीत खोचायची. अशा डब्या आता बनत नाहीत, म्हणून हौशी लोक शोधत फिरतात. माझा भाऊ मिथुन याला ते सगळे भंगार वाटते. "ताई, ते डबडे किलोवर देऊन टाक ना," असे तो येता-जाता म्हणतो. त्याचे तोंड एकदाचे बंद करावे म्हणून आज सकाळी मी सगळ्या कॅसेट चंद्रपूरला एका जाणकाराकडे किंमत करायला नेल्या. विकायच्या नव्हत्या. बाबा सोबत होते.

जाणकार माणूस भला होता. लेबलची छपाई, मागचा स्क्रू, आतली पट्टी भिंगाखाली धरून अस्सल कोणती नि नकली कोणती ते त्यांनी सांगितले. माझ्या दोन नकली निघाल्या. एकीचा भाव ऐकून बाबा खुर्चीत सरळ बसले. पण बेडकाच्या खेळाची एक कॅसेट लावली तर पडदा कोराच. गेममध्ये नवे सेल टाकून पुन्हा लावली, तरी तेच. "ही मेली, मॅडम. हिला भाव नाही. आतला बटणासारखा सेलही गेला असेल, म्हणजे जुनी नावं, आकडे सगळं पुसलं," असे ते म्हणाले. बाबांनी ती कॅसेट त्यांच्या हातातून परत घेतली.

ती कॅसेट बाबांनी २००१ साली नागपूरहून आणली होती. मला टायफॉइड झाला होता. खाट खिडकीजवळ होती. बाबा पाळीवरून आले की तिथे बसत, मग एक डाव माझा, एक त्यांचा. बेडूक विहिरीतून उड्या मारत वर चढतो, एवढाच तो गेम. याचा घटनेशी काय संबंध, असे हवालदारांनी विचारले. संबंध आहे, लिहून घ्या, असे मी सांगितले.

परत येताना मोहटोला फाट्यावर बस बदलायची होती. थांब्याच्या बाकावर बाबांनी माझ्या पर्समधले खोडरबर मागितले, त्या कॅसेटची पिवळी टोके घासली आणि ती गेममध्ये खोचली. "एकदा पाहून तं घेऊ," म्हणत होते, तेवढ्यात आलापल्लीची बस आली. "बाबा, चला न लवकर, सीट नाई भेटणार!" असे मी ओरडले. बाबांनी गेम कॅसेटच्या थैलीत कोंबला आणि आम्ही बसमध्ये चढलो.

पुढच्या गावाजवळ मी पाहिले तर बाबांच्या हातात नुसती पाण्याची बाटली. "बाबा, थैली?" मी विचारले. "कोणती थैली?" असे ते म्हणाले.

फाट्यावर नीलाबाई यांचे चहा-आलुभोंड्याचे दुकान आहे. आम्ही नेहमी तिथे चहा घेतो, म्हणून त्यांचा नंबर माझ्याकडे होता. त्यांना मी फोन लावला. "बाई, तुमी इकडे येऊच नोका! थांब्यावर बॉम्ब सापडला. काळ्या थैलीत आहे, वाजून राह्यला!" असे त्या म्हणाल्या. "थैलीच्या बंदाले लाल रिबीन आहे का?" मी विचारले. "हो! पण तुमाले कसं मालूम?" एवढे बोलून नीलाबाईंनी फोन ठेवला.

आम्ही उतरून एका पिकअपने परत आलो. पोलिसांनी थांब्याभोवती दोर बांधून लोकांना लांब उभे केले होते. आमच्या भागात बेवारस थैलीला कोणी हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे. मी स्वतः शाळेत पोरांना तेच शिकवते. बॉम्बशोधक पथक आले होते. कुत्र्याला काही सापडले तर ते तिथेच बसते, असे कोणीतरी सांगितले. कुत्रे थैली हुंगून पुढे गेले आणि आलुभोंड्याच्या टोपल्यापाशी बसले. तरीपण आतून आवाज येत होता आणि चेनमधून वायर बाहेर दिसत होती. जोखीम नको, थैली जागेवरच उडवू, असे पथकाचे साहेब म्हणाले.

तेव्हा मी दोराखालून घुसायला गेले, महिला शिपायाने धरले. "उडवू नोका! त्याच्यात बेडूक आहे!" असे मी ओरडले. याने माझी बाजू काही सुधारली नाही. जिवंत आहे का, असे एकाने विचारले.

लोक गप्प झाल्यावर मला तो आवाज नीट ऐकू आला. टुणूक-टुणूक आणि मग सात सूर, पुन्हा टुणूक-टुणूक. तो आमच्याच बेडकाचा आवाज होता. कोंबाकोंबीत बटण सरकले असणार आणि मेलेली कॅसेट बोलत होती! मला हसू आले की रडू, असे हवालदार आता विचारतात. दोन्ही लिहा.

साहेबांनी मला बाजूला घेतले. वायर जुन्या चार्जरची आहे, आत स्क्रू उघडायचा एक बारका पेचकस आणि कॅसेटचे डबे आहेत, असे मी सांगितले. "मॅडम, ज्यानं थैली ठेवली त्यालाही हे माहीत असणारच," साहेब म्हणाले.

बाबा इतका वेळ रस्त्याकडेच्या दगडावर डोके धरून बसले होते. "माह्याच्यानं झालं," एवढेच म्हणत होते. ते उठले आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, कोणी खेळून नाई राह्यलं की त्याच्या पडद्यावर दोन नावं येतात. वरतं बाबा, खालतं रोशी. पोरीनं लय जोर मारला, पण मले मागं नाई टाकू शकली." मी बाबांना म्हटले, सेल गेला असेल तर नावे नसतील. "हायेत," बाबा म्हणाले.

मग जाड चिलखत घातलेले पथकातले एक जवान पुढे गेले. त्यांनी लांब दांड्याच्या आकड्याने हळूच चेन उघडली, गेम उघडा पाडला आणि वाकून पाहिले. बराच वेळ वाकूनच होते. मग त्यांनी हात वर केला. "सर, बेडूकच आहे! वर बाबा, खाली रोशी!" सगळा फाटा हसला. साहेबही हसले. नीलाबाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि मला दोन शिव्या घातल्या, त्या मी घेतल्या.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पोलिसांनी केले ते योग्यच केले. थैली आतील मालासह मला सहीसलामत मिळाली. बेडकाच्या कॅसेटला अजूनही बाजारात भाव नाही. आतला बटणासारखा सेल नवा टाकला तर भाव येईल, पण नावे जातील, म्हणून मी तो टाकणार नाही. मिथुन याला फोन करून हे कळवले आहे. हा जबाब लिहिला जात असताना बाबा ठाण्याच्या बाकावर गेम खेळत आहेत. मधूनमधून "थैली घेतली ना?" असे विचारतात. थैलीचा बंद मी त्यांच्याच मनगटाला बांधला आहे.

वरील मजकूर हवालदार मडावी यांनी मला व बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. बेडकाच्या आवाजामुळे मध्ये थांबावे लागले. बाबांनी खेळ थांबवून एकच दुरुस्ती सांगितली: खाट खिडकीजवळ नव्हती, चुलीजवळ होती. "इले हुडहुडी भरे, म्हणून म्याच सरकवली होती." हे मला आठवत नव्हते. बाबांचे बरोबर आहे. तेवढी दुरुस्ती धरून जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे खरा आहे.

(सही) रोशनी वामनराव उंदिरवाडे