पाच पुरेत

हॅलो?… हॅलो, कोण… आई?

अगं, तू होय, कशू! क्षणभर आईच वाटली… नाही गं, आत्ताची थकलेली आई नाही, तेव्हाची. खंडेनवमीच्या सकाळची. बाबा पाटावर रिव्हॉल्व्हर मांडायचे, आई त्याला हळदकुंकू लावायची आणि लावता लावता गुणगुणायची… आठवतं?

अंगणात माझ्या वेली दोन, एक जाई एक जुई,
एकीला पाणी घालू गेले, दुसरी रुसून का जाई…

हो, हो, तेच. तू जाई, मी जुई. रुसायचं काम माझ्याकडे… हसू नकोस.

नाही, बोल ना. मोकळीच आहे. आज दुकानातल्या बाइतोला सुट्टी. बाइतो गं, अर्धवेळ नोकरी… हो, तीच, भाताचे गोळे फडताळात मांडायची. तू कोर्टात उभं राहून उलटतपास घे, मी इथे जपानात, फुनाबोरीत ओनिगिरी मांडते… नाही, चिडले नाहीये. बोल.

काय म्हणालीस? सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर?

थांब. पुन्हा सांग. बाबांचं देऊन टाकायचं? बंदुकीच्या दुकानात? आणि त्या बदल्यात नवं घ्यायचं?

कोण म्हणतं असं?… उल्हास. कोर्टाच्या बाररूममधला. बरं… असेल रायफल क्लबात. म्हणून आपल्या बाबांची वस्तू विकायचा सल्ला देणार?

अगं, ऐक ना. बाबांच्यात पाच बसतात. पाच पुरेत. सहावी गोळी म्हणजे नुसती एक गोळी नसते. तो गोल फिरणारा भाग जाड होतो. कोटाखाली फुगवटा दिसतो. लहान रिव्हॉल्व्हर लहान कशाला असतं? रोज अंगावर राहावं म्हणून. जड झालं की तू ते कपाटात ठेवशील, आणि कपाटातल्या सहांपेक्षा कमरेच्या पाच बऱ्या…

मला कसं माहीत? वाचलं. आठवडाभर नेटवर रिव्हॉल्व्हरांचंच वाचतेय… हो, मी! अमेरिकेतली माणसं यावरून पानंच्या पानं भांडतात. आपल्याकडे मोदक उकडीचा की तळणीचा, तसं. एक म्हणतो, दोन गोळ्यांत जे व्हायचं ते होऊन जातं. दुसरा म्हणतो, रिकामं झाल्यावर ‘पाच पुष्कळ होत्या’ असं सांगायला कुणी मागे उरलेलं नाही… बघ, मी तुझ्या बाजूचंही सांगितलं.

आणि इथे स्टेशनसमोर कोबान आहे, पोलीस चौकी. तिथल्या पोलिसाकडेसुद्धा पाचचंच असतं, हवं तर नवऱ्याला माझ्या, हेमचंद्रला विचार. दोरीनं पट्ट्याला बांधलेलं. मी एकदा टक लावून बघत होते, तर त्यानं त्यावर हात ठेवला आणि मलाच सायकलची नोंदणी विचारली… हो ना! कुंकू लावलेली बाई, मागे बटाट्याची पिशवी, आणि त्याला मी चोर वाटले!

…नाही, विषय बदलत नाहीये.

कशू, मला ते धरायला तरी दिलं का कधी बाबांनी? तुला सोळाव्या वर्षी रेंजवर नेलं. मीही होते. मांडीवर डबा आणि थर्मास घेऊन. “सुचे, मोज गं,” म्हणायचे. मोजणी माझी, नेम तुझा. एक… दोन… तीन… चार.

काय?… हो, चारच. एक खण रिकामा ठेवायचे ना बाबा. जुनं होतं, हातातून पडलं तर उडेल, म्हणून हातोडीखाली गोळी नाही… बरोबर. म्हणजे पाच गोळ्या नव्हत्याच कधी… आणि नव्यात सगळे खण भरता येतात?

म्हणजे चार की सहा.

वकील आहेस खरी.

तसं नाही गं. बाबांचा वकिलीचा कोट तुझ्या अंगाला आला. खुर्ची तुझी, पुस्तकं तुझी. मला काय, त्यांच्या चष्म्याची डबी. त्या मार्चमध्ये इथे भूकंप झाला, तेव्हापासून ते जाईपर्यंत रोज फोन करायचे मला. सगळे म्हणायचे, किती काळजी लेकीची! पहिली दोन मिनिटं माझी. हलतंय का, पाणी मिळतंय का. मग अर्धा तास तू. कशूनं असा प्रश्न टाकला, कशूनं साक्षीदाराला घाम फोडला… तुला नाही सांगितलं कधी. मी नुसती हं हं करायचे, आणि बादलीत पाणी भरून ठेवायचे.

थांब हं… अद्वय, बूट तिथे नको… कशूमावशी आहे. रिव्हॉल्व्हर घेतेय ती… मराठीत बोल!… ‘काक्कोई’ म्हणतोय. म्हणजे झकास. घे, त्यालाही तूच झकास!

हं… हं… कागद? ना हरकतीचा?

हो ना. सांगितलं होतं तुला. कुदानशिताला आपल्या दूतावासात जाऊन शिक्का मारून घेतला. फोटो पाठवला की… मूळ कागद अजून नाही पोचला?

आता साताऱ्याच्या पोस्टाचं मी काय सांगू… हो, जपानची पोस्ट काही हरवत नाही, म्हणून तर म्हणते, तिकडेच कुठेतरी… पावती? असेल. शोधते… दीड महिना झाला, मला कळतंय गं. आईची सही झाली, तुझी झाली, माझीच राहिली. कलेक्टर कचेरीत काय सांगतात?… वारसांपैकी एकीचा जरी कागद नसेल तर फाइल पुढे जात नाही. आणि तोवर बाबांचं रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यातच.

मग राहू दे ना थोडे दिवस! एवढी काय घाई लागलीय, कशू? शोभेलाच हवंय ना कमरेला…

काय?

कधी?… काल?

हळू सांग. कोर्टातून निघालीस… मोटारसायकलवर दोघं… फाटकापर्यंत आले?… त्या तुझ्या अशील शैलजाबाईंच्या जमिनीचीच केस ना, त्यांच्या दिराची माणसं… आई कुठे होती?… अंगणात?

आईशी बोलले?

काय बोलले?… “आजी, लेकीला सांगा, उशीर करत जाऊ नका.” एवढंच?… आणि हसले.

आधी का नाही सांगितलंस! मी कधीची पाच की सहा, पाच की सहा… पोलिसांत दिलंस ना?… बघतो म्हणाले. हं. आई काय म्हणते?… तुळशीला पाणी घालत राहिली. वर नाही बघितलं. आईच ती.

थांब… हलतंय.

नाही, लहान आहे. दिवा झुलतोय नुसता… अद्वय, इकडे ये, माझ्याजवळ… सवय आहे गं आम्हाला… हो, टेबलाखाली बसते… हो, गॅस बंद आहे… अगं हो, त्यानं डोक्यावर उशी घेतलीय…

थांबलं.

कशू, रडतेस काय? थांबलं म्हटलं ना… काय?

तुझ्या फाटकाशी ते दोघं येऊन उभे राहतात, आणि तू मला टेबलाखाली जा म्हणतेस?

…नाही. मी नाही रडत.

ऐक. घे सहाचं. जाड असू दे, दिसू दे लोकांना. दोघं असतील तर चार म्हणजे फार थोड्या… मी मोजलंय ना, मला माहितेय चार किती पटकन संपतात.

पावती?… शोधत नाहीये मी. पावती नाहीच आहे… ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नाहीतर परत गिळेन मी. पोस्टमनला उगाच बोलू नकोस. कागद कुठेही हरवला नाही. इथेच आहे, तांदळाच्या डब्याखाली. पाकिटावर तुझं नाव लिहिलंय, तिकिटंसुद्धा लावलीत. तीनदा पोस्टाच्या दारापर्यंत नेला आणि तीनदा परत आणला. मी तो टाकलाच नाही, कशू. ते तुला मिळू नये म्हणून.