धुण्याचा दगड आणि आमची लिस्ट

नाव : अश्विनी रंगनाथ साळवे. वय : ३६ वर्षे. धंदा : नोकरी, इतिहासाच्या प्राध्यापिका. राहणार : श्रीरामपूर, जिल्हा अहमदनगर. दिनांक : १४ डिसेंबर १९९९.

वर नाव लिहिलेली मी स्वतः ठाण्यात येऊन, कोणी बोलावले नसताना, सांगते ते असे की, मी वरील ठिकाणी आई चांगुणाबाई हिच्यासह राहते. वडील रेल्वेत नोकरीस होते, ते हयात नाहीत. जुने शिलालेख शोधणे व वाचणे हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. पुणतांब्याच्या पुढे गोदावरीकाठी जी नावाड्यांची वस्ती आहे, तेथून लेख कोरलेला एक दगड नाहीसा झाल्याबद्दल मागील महिन्यात याच ठाण्यात मी अर्ज दिला. अर्जात मी कोणाचे नाव घेतले नव्हते. त्या चौकशीत अहमदनगर येथील फारसीचे निवृत्त प्राध्यापक फक्रुद्दीन इनामदार यांना बोलावण्यात आले. त्या संबंधाने मला माहीत आहे ते सांगत आहे.

साहेबांनी विचारले की चौकशीच्या कागदांत आलेली लिस्ट म्हणजे काय. तर ती कॉम्प्युटरवरची पत्रव्यवहाराची सोय आहे. एका पत्त्यावर मेल पाठवली की ती सगळ्या सभासदांना मिळते. शिलालेखांचा अभ्यास करणाऱ्यांची अशी एक लिस्ट मी तीन वर्षांपासून चालवते. तिच्यात प्राध्यापक, वस्तुसंग्रहालयातले लोक, निवृत्त अधिकारी, विद्यार्थी असे महाराष्ट्रभरचे दोनशेच्या आसपास सभासद आहेत. यात मला पगार नाही.

यंदा उन्हाळ्यात लिस्टवर मेलचा फार मारा होऊ लागला. कोणी लेख वाचून मागे, कोणी व्याख्यानाची वेळ कळवी, कोणी नुसत्या गप्पा मारी. ज्यांना इंटरनेटसाठी बाहेरगावी फोन लावावा लागतो व मिनिटागणिक बिल पडते ते वैतागले. दोन जण सोडून गेले. उलट काहींचे म्हणणे असे की बोलणे बंद केले तर लिस्टमध्ये राहणार काय. सर्वांत जास्त मेल कोल्हारचे काकासाहेब खर्डे यांच्या असत. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर आहेत. नदीकाठ त्यांच्या पायाखालचा आहे आणि त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ असते.

मी एकेकाला विचारले की तुम्हाला काय हवे आणि कसे हवे. त्याप्रमाणे लिस्टचे तीन भाग केले. वाचन, सूचना आणि गप्पा. ज्याला जो भाग हवा तो त्याने घ्यावा. फोनची अडचण असलेल्यांना दिवसभराच्या मेल एकत्र बांधून संध्याकाळी एकदाच जाऊ लागल्या. काकासाहेबांना गप्पा हा भाग जणू आंदण दिला. इनामदार सरांना एका डोळ्यात मोतीबिंदू आहे व दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झालेले नाही. त्यांची मुलगी आयेशा त्यांना रोज संध्याकाळी मेल वाचून दाखवते आणि ते सांगतील ते टाइप करते. तिला सोपे जावे म्हणून त्यांना तिन्ही भाग एकत्र, नावे वर ठळक टाकून पाठवत असे. तक्रारी थांबल्या. लोकांनी कौतुक केले. मला बरे वाटले, हेही खरे आहे.

वस्तीवरचा दगड मला दिवाळीच्या सुट्टीत दिसला. बायका त्यावर धुणे धूत होत्या. लेख कडेच्या बाजूला होता, अर्धा चिखलात. वरच्या ओळी मराठी, खालच्या फारसी. मी व माझा विद्यार्थी प्रवीण यांनी मोजमाप घेतले, ओला कागद चोपून ठसा घेतला. धुणाऱ्या बायका बाजूला उभ्या राहिल्या. आम्ही त्यांचे आभार मानून निघालो.

अलीकडे लेखांचे दगड चोरीस जातात, म्हणून ठशाचे वर्णन मी फक्त वाचन भागात दिले. ठिकाण लिहिले नाही. फारसी ओळी इनामदार सरांखेरीज कोणाला लागल्या नाहीत, त्यांनाही ठशावरून एक शब्द अडला. ते म्हणाले, दगडाला हात लावल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यानंतरच्या रविवारी ते आयेशासह भाड्याच्या जीपने आले. मीच त्यांना वस्तीवर नेले. त्यांनी नदीच्या पाण्याने अक्षरे धुतली आणि बोटांनी वाचली. शब्द लागला तेव्हा ते हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिले. आयेशाने फोटो काढले. त्या दिवशी दगड जागेवर होता आणि आम्ही तिघे निघालो तेव्हाही होता. जीप रिकामी होती हे मी शपथेवर सांगते.

पुढच्या आठवड्यात प्रवीण गेला तर दगड नव्हता. मी अर्ज दिला आणि लिस्टवर तसे कळवले. त्यावर काकासाहेबांनी गप्पा भागात लिहिले की दगड एकट्या माणसाला हलत नाही, वाहन लागते, तर वाहन घेऊन कोण आले होते ते पाहावे. नाव लिहिले नव्हते. जीपची गोष्ट मीच पूर्वी लिस्टवर आनंदाने सांगितली होती. दुसऱ्याने नाव लिहिले. तिसऱ्याने त्यांच्या धर्माविषयी लिहिले. जे कधी काही लिहीत नसत तेही बोलू लागले. सूचना घेणाऱ्यांनी गप्पा मागून घेतल्या.

लिस्टवर कोणाचीही मेल अडवायची नाही असा माझा नियम होता. तो मी मोडला आणि गप्पा बंद केल्या. तोवर व्हायचे ते झाले होते. कोणीतरी त्या मेलचे छापील कागद ठाण्यात आणून दिले. कोणी दिले हे मला ठाऊक नाही व मला जाणूनही घ्यायचे नाही.

इनामदार सरांना ठाण्यात बोलावल्याचे कळले तेव्हा मी आले. ते बाहेर बाकावर आयेशाशेजारी बसले होते. चहा घेतला होता. कोणी त्यांना वाईट बोलले नाही, असे त्यांनी मला स्वतः सांगितले. मी लिस्टबद्दल बोलू लागले तर त्यांनी मला थांबवले.

ते म्हणाले, "बाई, माझं नाव तेवढं काढून टाका. रागानं सांगत नाही. मला काय, मी ऐकून घेईन. पण हे सगळं आयेशाला वाचावं लागतं. पोरीच्या तोंडून हे ऐकवत नाही."

आयेशा खाली बघत होती. ती एवढेच म्हणाली की, मी काही ओळी सोडून वाचते, अब्बांना ते कळतं.

त्याच रात्री मी त्यांचे नाव लिस्टवरून काढले. त्यांच्यासाठी मेल नीट लावण्याचे काम मी मोठ्या काळजीने केले होते.

परवा रविवारी मी एकटी वस्तीवर गेले. दोनशे लोकांना काय हवे, कसे हवे, हे मी विचारले होते. वस्तीवर कोणाला काही विचारले नव्हते. एवढा दगड वस्तीला न कळता जाईल हेही मला पटत नव्हते. वस्तीतल्या वडीलधाऱ्या आक्काबाई यांच्या घरी गेले. त्यांचे वय सत्तरच्या पुढे असावे. त्यांनी मला बसायला पोते टाकले. मी म्हणाले, आक्काबाई, दगड गेला त्यापायी एका म्हाताऱ्या माणसाला ठाण्यात बसावं लागलं. ज्यांनी हातानं अक्षरं वाचली ते.

 त्या म्हणाल्या, "त्यो आंधळा बाबा? त्यानं काय केलं?"

मी म्हणाले, काही केलं नाही.

त्या उठल्या आणि मला गोठ्यात घेऊन गेल्या. कडब्याखाली दगड होता. लेखाची बाजू वर होती आणि त्यावर गोणपाट घातले होते.

आक्काबाई म्हणाल्या, "तुमी आलात, टेप लावून मोजलं, कागद लावला. मंग जीप आली, फोटू काढलं. कुनी बोललं न्हाई का कशापायी. आमच्याकडं या जागंचा कागद न्हाई, बाई. आमाला वाटलं, दगडावर लिवलंया ही जागा कुनाची ती, आन् आता तुमी उठवनार. मीच पोरांना म्हनलं, हालवा."

मी विचारले, "मग फोडला का नाही?"

त्या म्हणाल्या, "फोडायचा कशाला? माझ्या सासूनं त्यावर धुनं धुतलं."

मी त्यांना तिथेच वरच्या मराठी ओळी वाचून दाखवल्या. त्यांचा अर्थ असा की, या उताराचे, म्हणजे नदी ओलांडण्याच्या जागेचे, नावाडी यांस कोणी वेठीस धरू नये, त्यांच्या घरांस व जागेस कोणी उपद्रव करू नये. आक्काबाईंनी मला तेच पुन्हा वाचायला लावले. मग शेजाऱ्यांना हाका मारल्या. खाली काय आहे, असे एकाने विचारले. मी म्हणाले, ते मला वाचता येत नाही, ज्यांना येतं ते नगरला राहतात.

वस्तीतून परत येऊन मी इनामदार सरांना फोन केला. मला वाटले होते ते नाही म्हणतील. काल ते आयेशाला घेऊन एसटीने आले. काकासाहेबांनाही मी कळवले होते. ते कोल्हारहून आले आणि लांब, बाभळीखाली उभे राहिले. सरांनी फारसी ओळी आधी होत्या तशा म्हटल्या, मग मराठीत सांगितल्या. मजकूर वरच्यासारखाच आहे. शेवटी एवढे जास्त आहे की, हा हुकूम मोडील त्याला पाणी पार करताना कोणी हात देऊ नये. वस्तीतली माणसे त्यावर हसली. आक्काबाई सरांच्या पाया पडू लागल्या, त्यांनी पडू दिले नाही. आक्काबाईंनीच मग त्यांचा हात धरून त्यांना चढ चढवला.

काकासाहेब पुढे आले व सरांना म्हणाले, "चुकलं माझं. वाहनाचा विचार डोक्यात आला आणि लिहून मोकळा झालो." सर म्हणाले, "दगड जड होता, एवढं तुमचं बरोबर होतं."  काकासाहेबांनी रात्री लिस्टच्या तिन्ही भागांवर माफी मागितली; बंद केलेला गप्पा भाग मी तेवढ्यापुरता उघडला होता. दोन ओळींची ती मेल मी पाहिली आहे.

मी सरांना लिस्टवर परत येण्याबद्दल विचारले. बघू, असे ते म्हणाले. आयेशाने मला बाजूला घेऊन सांगितले की सध्या नको, संध्याकाळी ती त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. मी आग्रह केला नाही.

दगड चोरीस गेलेला नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. आक्काबाई व वस्तीतील मुलांनी तो भीतीपोटी हलवला, त्यांच्यावर काही कारवाई होऊ नये अशी विनंती आहे. दगडाचा पंचनामा करून तो वस्तीवरच ठेवावा. मराठी व फारसी दोन्ही मजकूर साध्या मराठीत पाटीवर लिहून वस्तीवर लावण्याचे काम मी करून देईन.

येणेप्रमाणे मी सांगितले व हवालदारांनी लिहून घेतले. सर्व मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी 'संशयित इसम फक्रुद्दीन' असे लिहिलेले होते. माझ्या सांगण्यावरून ते खोडून 'प्राध्यापक फक्रुद्दीन इनामदार' असे केले व खाडाखोडीच्या जागी माझी सही घेतली. आता जबाब बरोबर आहे.